कोऱ्या जागेवर आधी शॉट मार

हे बघ पोरी, मास स्पेक्ट्रोमीटरसाठी नॅनोकणांची प्लेट हातात आली की लगेच सॅम्पल टाकायचं नाही. आधी कोऱ्या जागेवर लेसर मार आणि तो स्पेक्ट्रम छापून मशीनशेजारी चिकटव. लेसर शोषणारं सेंद्रिय मॅट्रिक्स सोडून आपण नॅनोकणांकडे वळलो ते m/z ५००च्या खालची त्याच्या पीकांची गर्दी टाळायला. ग्लुकोज, अमिनो आम्लं सगळी तिथेच दडतात. पण नॅनोकणांचं सोनंही गप्प बसत नाही. १९७, ३९४, ५९१ हे त्याचेच पीक. एकदा ओळखीचे झाले की कॅलिब्रेशन त्यांच्यावरच कर.

कोलेस्टेरॉल शोधायचं तर चांदी घे, ती दुहेरी बंधाला धरते. चांदीची १०७ आणि १०९ ही समस्थानिकं निसर्गात जवळजवळ निम्मी-निम्मी, म्हणून कोलेस्टेरॉल ४९३ आणि ४९५ला जोडीनं येतं, उंचीही साधारण सारखीच. एकटा पीक दिसला तर वहीत नाव लिहू नकोस. माझा चांदीवर जीव आहे तो या जोडीमुळेच.

सोन्याचं द्रावण लालभडक हवं. निळसर झालं की कण गोळा झाले, ओतून दे. बहुतेक वेळा सॅम्पलमधलं मीठ नडतं. शर्करा मात्र सोडियमला चिकटूनच दिसते: ग्लुकोज २०३ला, पोटॅशियम असेल तर २१९ला. म्हणून पाणी काचेच्या बाटलीत दिवसेंदिवस ठेवायचं नाही; काचेतून सोडियम उतरतं आणि आजच्या २०३ची कालच्याशी तुलनाच होत नाही.

पेप्टाइडला प्रोटॉन लागतो, तो कोरड्या धातूनं कुठून द्यावा? थोडं अमोनियम सायट्रेट घाल. क्योटोच्या शिमाद्झूत कोइची तनाकांनी प्रथिनं उडवली, २००२चं नोबेल त्याचंच, तेव्हाही कोबाल्टची बारीक पूड ग्लिसरॉलमध्ये कालवलेली होती. तापायचं काम कोबाल्टचं, बाकीचं ग्लिसरॉलचं.

नॅनोकणांऐवजी सच्छिद्र सिलिकॉनची प्लेट असेल तर जपून, ते हवेतलं तेल, वाफ सगळं ओढून घेतं. चिमट्यानं कडेला धर, बोट लावू नकोस. त्याचं एचिंग हायड्रोफ्लोरिक आम्लात होतं. तिथे एकटीनं उभं राहायचं नाही, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडायचीच नाही. यात सूट नाही.

कार्बन नॅनोट्यूब असतील तर प्लेटवर आधी नायट्रोजनची फुंकर मार. पूड उडाली तर लेसरखालीही उडेल आणि आयन सोर्समध्ये जाऊन बसेल. तसली प्लेट मशीनमध्ये घालायची नाही. लेसर नेहमी कमी ऊर्जेपासून चढव. पीक नुकता डोकं वर काढतो तिथून थोडंसंच पुढे जा, नाहीतर रेणूचे तुकडे मोजत बसशील.