मानोआ : पाण्याने घडवलेली दरी

होनोलुलू शहरातली मानोआ दरी आज जुन्या, महागड्या घरांची वस्ती म्हणून ओळखली जाते. पण मला विचाराल, तर तिथली खरी श्रीमंती पाण्याची. ईशान्येचे व्यापारी वारे कोओलाऊ डोंगर चढताना थंड होतात आणि दरीत पाऊस ओततात. काही किलोमीटरवरचा वाइकिकी किनारा मात्र बराच कोरडा. आंबोली-चोर्ल्याचा पाऊस पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

याच पाण्यावर हवाईचे मूळ लोक अळूची खाचरं पिकवायचे. आपण पानांचं फदफदं करतो, ते उकडलेले कंद कुटून ‘पोई’ करतात. १८४१ मध्ये मिशनऱ्यांनी दरीच्या तोंडाशी शाळा काढली, तिचं नाव पुनाहोऊ, म्हणजे ‘नवा झरा’. पुढे विसाव्या शतकात खाचरांच्या जागी घरं उभी राहिली, ओढा मात्र तोच राहिला. ३० ऑक्टोबर २००४ रोजी तो फुगला, विद्यापीठाच्या हॅमिल्टन ग्रंथालयाच्या तळघरात शिरला आणि हजारो नकाशे भिजले.

म्हणून मी म्हणते, कुठल्याही सुंदर वस्तीचा अभ्यास करताना पहिला प्रश्न हाच विचारावा: इथलं पाणी पूर्वी कुठून जायचं?