समुद्राच्या तळाखाली

मुलांनो, बाजारात मडके घेताना मोठी माणसे त्यावर टिचकी मारतात. आवाजावरून मडके पक्के आहे की तडकलेले, हे कळते. समुद्राच्या तळाखाली काय आहे, हेही शास्त्रज्ञ आवाजावरून ओळखतात.

ते कसे? जहाजामागे बांधलेल्या यंत्रातून दाबलेली हवा पाण्यात एकदम सोडतात. मोठा आवाज होतो. काही आवाज तळावर आपटून परत येतो. काही आवाज तळात शिरतो आणि गाळ, वाळू व खडक यांच्या थरांवरून परततो. लांब केबलमधील यंत्रे हे प्रतिध्वनी टिपतात. त्यांना लागलेल्या वेळेवरून थरांचा नकाशा काढतात.

पाण्यात आवाज एका सेकंदात सुमारे १५०० मीटर जातो. समजा, तळावरून प्रतिध्वनी ०.१ सेकंदात आला. म्हणजे जाऊन येऊन १५० मीटर झाले. मग पाणी ७५ मीटर खोल!

मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात १९६० नंतर आवाजाच्या साहाय्याने पाहणी झाली. तळाखाली खडकांचा मोठा उंचवटा आढळला. अशा उंचवट्यात तेल साठू शकते. पण तेल आहेच, असे आवाज सांगत नाही. त्यासाठी खोदावेच लागते. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तेथे विहीर खोदली आणि तेल मिळाले! तेच आपले 'मुंबई हाय'. पाहणी झाली नसती, तर एवढ्या अथांग समुद्रात विहीर कोठे खोदली असती?

आता तुम्ही सांगा: तळावरून प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात आला, तर पाणी किती खोल?