परगांवचा डास व मेंदूचा ताप

दिवाळी सरली म्हणजे चिंचपाडा व नवापूर भागांतील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं दक्षिण गुजराथेंत जातात. मुलेंबाळें, भांडीं, कोयते सर्व बरोबर असतें. बोचक्यांत मच्छरदाणी मात्र क्वचित्‌च असते. पडावांतील झोंपडीस दार नाहीं, पाण्याचा पाट जवळ, आणि दिवसभर मोळ्या बांधून थकलेला मनुष्य पडल्याबरोबर झोंपीं जातो. डासाला याहून सोयीचें तें काय?

डासानें येणारा ताप आपणांस नवा नाहीं. हुडहुडी भरते, घाम येतो, ताप उतरतो. म्हणून ‘थंडीताप आहे, जाईल’ असें म्हणण्याची आपणांस संवय झाली आहे. परंतु हिवतापाच्या जंतूंत फाल्सिपेरम नांवाची एक घातकी जात आहे. तिनें ग्रासलेल्या तांबड्या रक्तपेशी मेंदूंतील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अंगास चिकटतात व रक्ताची वाट अडवितात. मग रोगी बरळूं लागतो, हांकेस ओ देत नाहीं, आंकडी येते, शेवटीं बेशुद्ध पडतो. लहान मुलांत तर पहिल्या तापापासून ह्या अवस्थेपर्यंत कधीं दोन दिवसही लागत नाहींत.

ह्यांत एक फसवी गोष्ट आहे. डास चावल्याबरोबर ताप येत नाहीं. जंतु प्रथम यकृतांत वाढतात व नंतर रक्तांत उतरतात. ह्यास साधारणतः एक ते दोन आठवडे, कधीं अधिकही लागतात. त्यामुळें डास चावतो पडावांत, आणि ताप भरतो घरीं परतल्यावर. मग बरळणाऱ्या मुलास बाहेरचें लागलें असें समजून सारी रात्र भगताच्या दारांत जाते. ज्या रोगावर औषध आहे त्यानें मूल दगावावें, हें फार दुःखाचें आहे. आर्टेसुनेट नांवाचें औषध वेळीं टोंचलें गेलें तर बेशुद्ध रोगीही पुष्कळदां उठून बसतो.

मेंदूचा प्रत्येक ताप हिवतापच असतो असें नव्हे. जपानी मेंदूज्वराचा विषाणु बगळे व डुकरें यांच्या रक्तांत वाढतो, आणि भातखाचरांत उपजणारे डास तो माणसांत आणतात. त्याला मारणारें औषध नाहीं, लस आहे. ज्या जिल्ह्यांत सरकार ती देतें तेथें मुलांस ती अवश्य टोंचवावी. सन १९६५ मध्यें नागपूरजवळील चांदीपुरा गांवीं सांपडलेला विषाणु डास नव्हे, तर मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी पसरविते; सन २०२४ च्या पावसाळ्यांत त्यानें गुजराथेंत मुलांचे बळी घेतले. भेगा लिंपणें हें आपल्या हातचें काम आहे.

मुकादमाची उचल घेतांनाच औषध लावलेली मच्छरदाणी मिळवावी. कुटुंबें परतल्यावर महिनाभर कोणास ताप भरतो काय, याची चौकशी पाड्यावरील प्रचारकांनीं करावी. आशा कार्यकर्तीजवळ बोटाच्या रक्ताच्या थेंबावरून हिवताप ओळखण्याची पट्टी असते. निकालास कांहीं मिनिटें पुरतात. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत पाणी अथवा काढा घालूं नये. त्यास कुशीवर निजवून चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयांत, किंवा जें जवळ असेल तेथें, तडक न्यावें. आणि डॉक्टरांनीं विचारण्याची वाट न पाहतां सांगावें कीं, आम्ही अमुक तालुक्यांत ऊसतोडीस होतों व अमुक दिवशीं परतलों.