मुलांना आपला बाजार दाखवू या



धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही विचारले, "पीठ कुठून येते?" एकजण चटकन म्हणाला, "पाकिटातून!" सगळे हसले, पण दोष मुलाचा नव्हता. त्याला गिरणीत आपणच कधी नेले नव्हते.

कामातून शिकण्याची ही रीत आपल्या विदर्भाला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. तीच पुढे 'नई तालीम' झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्याची सोय सुचवली आहे.

म्हणून आम्ही मुलांना घेऊन निघालो. आधी गिरणी, मग किराणा दुकान, मग शिंपी आणि शेवटी सतरंजीचा माग. सतरंज्यांसाठी बाळापूरचे नाव पूर्वीपासून आहे; पण आमच्यातल्या बहुतेक मुलांनी माग पाहिलाच नव्हता. उभे धागे ताणून बांधलेले असतात, तो ताणा. त्यातून आडवा धागा फिरतो, तो बाणा. प्रत्येक ओळ पंजाने ठोकून घट्ट बसवावी लागते.

एक मुलगा म्हणाला, "चाचा, प्लास्टिकची चटई यापेक्षा स्वस्त मिळते." चाचा रागावले नाहीत. त्यांनी त्याला मागावर बसवले आणि पंजा हातात दिला. थोड्याच वेळात त्याचे मनगट दुखू लागले. मग त्यानेच विचारले, "तुम्हाला दिवसाचे किती मिळतात?" चाचांनी आकडा सांगितला. मुले गप्प झाली. आम्हीही गप्प झालो. कारण भाव पाडून घेण्यात आपण मोठी माणसेच पटाईत.

प्रभू येशू सुताराच्या घरी वाढला, संत पौल तंबू शिवत असे. हे मुलांना पाठ असते. पण घाम गाळणाऱ्याचा मान राखणे पाठांतराने येत नाही, ते पाहून येते.

आपणही मुलांना नेताना एवढे पाळा :
१. दुकानदाराला आधी विचारा. गर्दीची वेळ टाळा.
२. एका वेळी एकच दुकान पुरे.
३. मुलांनी काका, मावशी, चाचा असे आदराने बोलावे व स्वतः प्रश्न विचारावेत.
४. एखादी लहानशी वस्तू मुलाच्या हातून विकत घ्या. हिशेब त्यालाच करू द्या.
५. निघताना आभार मानायला विसरू नये.

घरी चर्चेसाठी : हा माल कुठून आला? तो करायला किती हात लागले? हे दुकान बंद पडले तर कोणाची अडचण होईल?

येत्या रविवारी मुलांनी पाहिलेल्या एका कामाचे चित्र काढून आणावे. चित्राखाली त्या कामात सर्वांत अवघड काय वाटले, ते एका वाक्यात लिहावे.