डोंगल लावलं, पण नेट कुठाय?

लिनक्सवर यूएसबी मोडेम (आपल्या भाषेत डोंगल) चालला नाही की पोरं पहिलं काम काय करतात? उबुंटू पुन्हा इन्स्टॉल करतात. २०१३ मध्ये मी कल्याणला होस्टेलवर असताना माझ्या रूममेटने हेच आरंभले होते, तेही परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री. मी त्याच्या हातून सीडी काढून घेतली. नेट ही एक साखळी आहे, कुठली कडी तुटली ते आधी बघायचं.

टर्मिनलवर 'एलएसयूएसबी' द्या (अर्थात इंग्रजीत टाईप करून!). यादीत डोंगल दिसतच नसेल तर लिनक्सला दोष देऊ नका. पोर्ट बदला, एक्स्टेंशन वायर काढा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच करंट देतो आणि डोंगलला तो जवळजवळ सगळा लागू शकतो.

दिसतंय, पण चालत नाही? इथेच खरी गंमत आहे. डोंगलमध्ये विंडोजचे ड्रायव्हर भरलेले असतात, म्हणून ते आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेते. हुआवेच्या बऱ्याच डोंगलचा आयडी तेव्हा १२डी१:१४४६ दिसतो. 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज त्याला सांगते, 'बाबा, नाटक पुरे, मोडेम हो!' मग आयडीचा दुसरा भाग बदलतो, आणि 'डीमेसेज'मध्ये टीटीवाययूएसबी० अशी पोर्टची नावे येतात. ती आली की हार्डवेअरचा विषय संपला.

रूममेटचे इथवर सगळे ठीक होते. सिग्नलही होता. (एटी+सीएसक्यू ही कमांड ० ते ३१ मध्ये आकडा देते, ९९ आला तर सिग्नलचा पत्ताच नाही समजा.) घोळ होता एपीएनमध्ये. पठ्ठ्या ठाण्याचा, तिथे एमटीएनएल. कल्याणला येऊन त्याने बीएसएनएलचे सिम घेतले, पण सेटिंग जुनेच. एपीएन 'बीएसएनएलनेट' टाकला, डायल नंबर *९९# ठेवला आणि फॉर्म अकरा वाजता गेला.

ही हद्द लँडलाइनवाल्यांनाही नडायची. ०२२ च्या ठाण्यात एमटीएनएल ब्रॉडबँडच्या एडीएसएल मोडेमला व्हीपीआय/व्हीसीआय ०/३२ लागे, ०२५१ च्या कल्याण-डोंबिवलीत बीएसएनएलला ०/३५. घर बदलून मोडेम तसाच नेला की बसा बोंबलत!

'व्हीडायल' वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : मागे मोडेममॅनेजर चालू असेल तर दोघे एकाच पोर्टवर भांडतात. एकाला बसवा.

कनेक्ट झालं, तरी साईट उघडत नाही? ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आलं तर गडबड डीएनएसची, रिझॉल्व्ह-कॉन्फ फाईल तपासा. नाही आलं तर होस्टेलच्या लॅनची वायर मागे खोचलेली आहे का बघा. डीफॉल्ट रूट तिकडे गेलेला असतो आणि आपण उगाच मोडेमला शिव्या घालतो.

आता कोणी जुने ३जी डोंगल स्वस्तात देऊ केले तर त्यात जिओचे सिम घालून नेटची वाट बघू नका, जिओकडे २जी-३जी नाहीच. ४जीची बरीच डोंगल मात्र थेट नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. त्यांना डायल करावे लागत नाही, एपीएन ब्राउझरमध्येच बदलतो. हुआवेच्या अशा डोंगलचे पान बहुधा १९२.१६८.८.१ वर उघडते.