क्रिस्तपुराण ओवीतच का?


येसूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात आले व साष्टीत राहिले. तेथील देवळे १५६७ मध्येच पाडली गेली होती आणि जुन्या पोथ्या वाचण्यास मनाई होती. धर्मशिक्षणाच्या वेळी एका नवख्रिस्ती माणसाने त्यांना विचारले: आमची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा प्रसंग ग्रंथातच आला आहे. आम्हांला तर तो विचारणारा लेखकाइतकाच मोठा वाटतो.

त्याला उत्तर म्हणून १६१६ साली राचोलला 'क्रिस्तपुराण' छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार. पुराण ऐकण्याची सवय झालेल्या कानांना ओवीच हवी होती. आपल्या आज्याही जात्यावर ओवीच गात. म्हणून येथे प्रभूची कथा ओवीत आली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले गेले. लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते!

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदी घातली. तरी मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत हाती लिहिलेल्या प्रती जपल्या गेल्या, आणि उपवासकाळात त्या ओव्या गाइल्या जात.