एड्सची साथ पुढे कुठे जाईल? एक उत्तर की तीन?

प्रश्न : आमचं गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. शाळेत असताना ऐकलं होतं, की २०१० पर्यंत भारतात एचआयव्हीची लागण झालेले दोन-अडीच कोटी लोक असतील. तसं काही झालं नाही. आता भाची सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करते. ती सांगते, की आफ्रिकेतल्या एड्सचं भविष्य तज्ज्ञांनी तीन वेगवेगळ्या कथांमधून मांडलं होतं. एक अंदाज जमत नाही म्हणून तीन सांगायचे, एखादा तरी खरा ठरेल, असंच ना हे? — एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : शंका रास्त आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ.

तुम्ही ऐकलेला आकडा हे भाकीत होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर परिषदेने सप्टेंबर २००२ मध्ये भारतासाठी २०१० सालचा दोन ते अडीच कोटींचा अंदाज दिला होता. तो चुकला, आणि चुकण्याचं पहिलं कारण मोजणीतच होतं. त्या काळी लागणीचा अंदाज मुख्यतः सरकारी रुग्णालयांत आलेल्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्ततपासणीवरून काढत. अशा ठिकाणी आधीच अडचणीतली माणसं जास्त येतात. पुढे २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि जुलै २००७ मध्ये देशाचा आकडा पन्नास लाखांवरून एकदम पंचवीस लाखांच्या आसपास आला. साथ अर्ध्यावर आली अशी तेव्हा अनेकांची समजूत झाली. खरं तर साथ होती तिथेच होती, सुधारलं ते माप.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सरळ रेषेचं भाकीत असं धरून चालतं, की माणसं हातावर हात ठेवून बसतील. ती बसली नाहीत. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच हाताशी धरून निरोधचा प्रसार केला, आणि त्या बायकांनी आपली संघटना उभी केली. औषधांचंही तसंच. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. तोवर त्याला दहा हजार डॉलरहून अधिक लागत. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने महाराष्ट्रासह सहा राज्यांत हा उपचार मोफत सुरू केला.

आता तीन कथांकडे. त्यासाठी फार लांब जायला नको, तुमच्याच केळापूर तालुक्यातल्या कुठल्याही शेताच्या धुऱ्यावर उभे राहा. मृगाच्या तोंडावर शेतकरी काय करतो? पाऊस वेळेवर आला तर काय, येऊन पंधरा दिवसांचा खंड पडला तर काय, उशिराच आला तर काय, याचा विचार तो करून ठेवतो. दुबार पेरणीची तजवीज मनात असते. कपाशीत तुरीची तासं असतात, कारण कपाशी रुसली तरी तूर हाताशी राहते. तुम्ही त्याला ‘तीन अंदाज सांगतो’ असं म्हणणार नाही. पाऊस त्याच्या हातात नाही, पेरणी आहे, आणि तो विचार पेरणीचा करतो. यालाच इंग्रजी नावाने सिनारिओ प्लॅनिंग म्हणतात. शेल या तेल कंपनीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिएर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रुजवलं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा तशा दिवसाचा विचार त्या कंपनीत आधीच झालेला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने शेलचीच मदत घेऊन मार्च २००५ मध्ये आफ्रिकेच्या तीन कथा प्रसिद्ध केल्या. त्यासाठी सुमारे दीडशे माणसं एकत्र बसली होती, बहुतेक आफ्रिकेतलीच. मुदत होती २०२५. पहिल्या कथेत पैसा थोडा, पण नेते कठोर निर्णय घेतात. दुसऱ्या कथेत बाहेरून मोठी मदत येते आणि ती पिढीभर टिकते. तिसऱ्या कथेत गरिबी आणि फाटाफूट यांत सगळं अडकून पडतं. सर्वांत वाईट कथेत वीस वर्षांत सुमारे नऊ कोटी नव्या लागणी होत होत्या. सर्वांत चांगल्या कथेत त्यांतल्या ४ कोटी ३० लाख टळत होत्या. नऊ कोटी खरे की खोटे, हा मुद्दाच नव्हता. मधलं ते ४ कोटी ३० लाखांचं अंतर कशाने पडतं, हे राज्यकर्त्यांपुढे ठेवायचं होतं.

२०२५ उजाडलं तेव्हा कुठलीच कथा जशीच्या तशी उतरली नव्हती. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात लागण झालेल्या दर पाच जणांपैकी चार जण उपचार घेत होते, म्हणजे दुसऱ्या कथेतली आशा बरीचशी साधली होती. आणि त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, अनेक दवाखाने अडचणीत आले. मदत आटली तर काय, हा पहिल्या कथेतला प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. ज्यांनी तो कधी विचारलाच नव्हता, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकतो. एचआयव्ही असलेल्या लोकांची संख्या फारशी घटत नाही, म्हणून साथ तशीच आहे असं नाही. औषधामुळे माणसं जगतात, म्हणून संख्या टिकते. शिवाय नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

आता पुन्हा कथांकडे. तुमच्या भाचीला पांढरकवड्यासाठीही तसा अभ्यास करता येईल. आधी ठरलेल्या गोष्टी लिहायच्या. औषध घेणाऱ्याला ते आयुष्यभर लागणार. ही माणसं म्हातारी होणार, त्यांना मधुमेह आणि रक्तदाबही होणार. पाटणबोरीकडे जाणारी ट्रकांची रांग थांबणार नाही. मग न ठरलेल्या गोष्टींतल्या सर्वांत जड दोन निवडायच्या. माझ्या मते त्या अशा : गोळ्यांचा पुरवठा एक महिनाही न तुटता चालेल का, आणि तपासणीला येणाऱ्या तरुणाला गावात तोंड लपवावं लागेल का? भेदभावाला मनाई करणारा कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागूही आहे. पण गावातली नजर कायद्याने किती बदलेल हे आज कोणालाच ठाऊक नाही. दोन्ही प्रश्नांची ‘हो’ आणि ‘नाही’ अशी उत्तरं एकमेकांत गुंफली, की चार वेगळी गावं तयार होतात. त्या चारही गावांत ढाब्यावरचा चालक, सुईण, शाळेचे मास्तर आणि औषध घेणारी एखादी विधवा यांचा एकेक दिवस तिने लिहून काढावा. चारही वह्यांत जे काम करावंच लागतं असं दिसेल, ते तिने तुम्हाला सांगावं. तुमच्या शेतातली तूर तीच.